वळतं

पुण्यात जपानीच्या क्लासला जायला लागले, त्याच्या दुसऱ्या वर्षी मला ‘त्सू’ ही कांजी भेटली. तिचे अर्थ भरपूर. रस्त्याने जाणं-येणं, पलीकडे पोचणं, दळणवळण. त्यातच एक अर्थ आहे, एखाद्या विषयात मुरलेला माणूस; आपण दर्दी म्हणतो तसा. १९९४ साली हिरोशिमाच्या ‘कंपाइल’ या कंपनीने आपल्या ‘पुयोपुयो’ या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग आणला, तेव्हा नावापुढे २ हा आकडा न लावता ही कांजी लावली. इंग्रजीतला ‘टू’ जपानी तोंडात ‘त्सू’ होतो. म्हणजे कानाला ‘पुयोपुयो दोन’ आणि डोळ्याला ‘पुयोपुयो, दर्दींसाठी’.

मला असल्या कोट्या आवडतात. पण ही कोटी पुढे खरी ठरली, म्हणून तिच्याबद्दल लिहावंसं वाटतंय. बहुतेक सिक्वेल म्हणजे तेच, पण जास्त. जास्त लेव्हल, जास्त पात्रं, जास्त धूमधडाका. ‘त्सू’मध्येही नवी पात्रं आली, चढत जायचा एक मनोरा आला. ते सगळं कुणी काढून टाकलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी एक नियम घातला, आणि त्या नियमामुळे लोक तीस वर्षं हाच खेळ खेळतायत.

ज्यांनी पुयोपुयो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेट्रिससारखंच वरून काहीतरी पडत राहतं. तिथे ठोकळे, इथे डोळे असलेले रंगीत गोळे. ‘पुयोपुयो’ हा जपानीत लिबलिबीत, मऊ वस्तूसाठीचा शब्द आहे, आपल्या ‘थुलथुल’च्या जातीचा. गोळे जोडीने पडतात. खाली विहीर: सहा घरं रुंद, बारा घरं उंच. एका रंगाचे चार गोळे चिकटले की ते नाहीसे होतात आणि वरचे खाली घसरतात. घसरून पुन्हा चार जुळले तर तेही जातात, मग त्यांच्यावरचे. याला जपानीत ‘रेन्सा’ म्हणतात. शब्दशः साखळी.

टेट्रिस एकट्याने खेळता येतो. पुयोपुयोही येतो, पण त्यात मजा नाही, कारण तो मुळात भांडणाचा खेळ आहे. स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन विहिरी. माझ्या साखळीचा कचरा तुझ्या विहिरीत पडतो: करडे, कुठल्याच रंगाशी न जुळणारे गोळे. त्यांचं नाव ‘ओजामा’. जपानी माणूस दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना ‘ओजामा शिमासु’ म्हणतो, म्हणजे ‘तुमची अडचण करतोय हं’. हे गोळे तसलेच, न बोलावता येऊन ठाण मांडणारे. शेजारचे रंगीत गोळे फुटले तरच ते हलतात. डावीकडून तिसऱ्या कॉलमचं तोंड बुजलं की खेळ खलास.

आता हिशेब बघा, कारण सगळी गंमत हिशेबात आहे. ‘त्सू’मध्ये ७० गुणांना एक करडा गोळा जातो. प्रत्येक वेळी जेमतेम चारच गोळे फुटले असं धरलं, तर दोन कड्यांच्या साखळीने समोरच्याकडे ५ गोळे जातात, तिनाने १४, चाराने ३२, पाचाने ६९. विहिरीत दिसणारी घरं आहेत ७२. म्हणजे पाच कड्या लावल्यात की समोरचा जवळजवळ गळ्यापर्यंत पुरला गेला. म्हणून पुयोपुयोत किरकोळ चार-चार गोळे फोडत बसणाऱ्याला काही मिळत नाही. रचत राहायचं आणि थांबायचं.

पहिला ‘पुयोपुयो’ १९९१ मध्ये घरगुती मशीनवर आला. १९९२ मध्ये सेगाने तो गेम सेंटरमध्ये नेला आणि तिथे तो तुफान चालला. पण त्यात एक मेख होती. एकाने पाच कड्यांची साखळी सोडली की दुसऱ्याच्या डोक्यावर गोळ्यांची चिन्हं लागायची, आणि ते पडणार म्हणजे पडणार. दुसऱ्याने उलट साखळी सोडली तरी त्याचे गोळे पहिल्याकडे जायचे, पहिल्याचे त्याच्यावर पडायचेच. जो आधी सोडेल तो जिंकला. उत्तर नावाची गोष्टच नव्हती.

‘त्सू’ने ती आणली. नियमाचं नाव ‘सोसाई’. डोक्यावर गोळे लटकलेले असताना तुम्ही साखळी सोडली, तर तुमचे गोळे आधी त्या लटकलेल्यांतून वजा होतात. तुमचे जास्त असतील तर उरलेले समोरच्याकडे जातात. त्याचे जास्त असतील तर उरलेले तुमच्यावर पडतात. बस, इतकंच.

‘सोसाई’ला मराठीत काय म्हणायचं यावर मी क्लासच्या सवयीने डोकं खाजवत होते. डिक्शनरीत ‘ऑफसेट’ होतं, हिशेबातला शब्द. मी आणि माझा धाकटा भाऊ सांगलीच्या घरी लॅपटॉपवर खेळत होतो. लॉकडाउन होता, मी पुण्याहून घरी आले होते, तो नववीत. ‘पुयोपुयो चॅम्पियन्स’ मी स्टीमवर सेलमध्ये घेतला होता. त्यात दोन पद्धतींनी खेळता येतं आणि त्यातली एक ‘त्सू’ची. बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. ते पतसंस्थेत सत्तावीस वर्षं होते. थोडा वेळ बघून म्हणाले, “म्हणजे त्याचं येणं याच्या देण्यातून वळतं करून घेतात.”

त्या दिवसापासून आमच्या घरात सोसाईला ‘वळतं’ हाच शब्द. “ताई, वळतं कर, वळतं कर!” असं तो माझ्याशी खेळताना मलाच ओरडून सांगायचा. इतका सभ्य शत्रू मला परत मिळालेला नाही.

या नियमाने खेळाचा स्वभाव बदलला. आधी वेगाला किंमत होती, आता थांबण्याला आली. कारण समोरच्याची साखळी फुटायला वेळ लागतो. एकेका कडीला सेकंदभर धरा. ती पूर्ण संपेपर्यंत तुमच्यावर काहीही पडत नाही. म्हणजे त्याने दहा कड्यांची भलीमोठी साखळी सोडली, तर दहाएक सेकंद तुमच्या हातात आहेत. तेवढ्यात तुम्ही आपल्या रचनेवर आणखी एक कडी चढवू शकता, त्याच्यापेक्षा मोठी करून मग सोडू शकता. मोठ्याने आणि लांबलचक बोलणारा माणूस समोरच्याला विचार करायला वेळ देतो. मग चतुर खेळाडू आधी लहानशी, दोन-तीन कड्यांची टोचणी लावतात. समोरच्याने घाबरून मोठी साखळी त्यावरच खर्च केली, की त्याचा हात रिकामा. टोचणी सोसायची की वळती करायची, हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं.

आणि यासाठी दुसऱ्याच्या विहिरीत बघावं लागतं. नवशिक्या आपल्याच विहिरीत बघत असतो. मुरलेल्याची नजर सारखी पलीकडे जाते: त्याच्याकडे किती कड्या आहेत, कुठला रंग अडलाय, तो आत्ता गप्प का आहे. पुयोपुयोत गप्प बसलेल्या खेळाडूइतका धोकादायक कुणी नसतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता गोळे साठवतोय, विहीर भरत चाललीय, मरणार आता. त्याच्या डोक्यात मात्र सगळा क्रम तयार असतो: हा हिरवा फुटला की लाल खाली येईल, लाल गेला की निळा. बारा दिसणाऱ्या ओळी आणि वरची एक लपलेली मिळून घरं होतात ७८. चाराने भागलं की एकोणीस. एकोणीस कड्या हा इथला एव्हरेस्ट.

माझा भाऊ गप्प मुलगा. तो लहान असताना पाहुणे आले की “हा बोलत नाही का?” हा प्रश्न ठरलेला. आमच्या घरात, आता कळतं, पहिल्या भागाचा पुयोपुयो चालायचा. बाबा बोलायला लागले की बोलून संपेपर्यंत बाकीच्यांच्या डोक्यावर जमा होत राहायचं आणि मग ते पडायचं. “आम्ही तुमच्या वयाचे होतो तेव्हा” ही पहिली कडी. तिच्यावर सायकल, तिच्यावर रॉकेलच्या दिव्यातला अभ्यास, तिच्यावर आजोबांचं आजारपण. रचना पक्की होती, त्यातलं काहीही खोटं नव्हतं. बाबा वाईट माणूस अजिबात नाहीत. त्यांच्या वडिलांसमोर तेही असेच उभे राहिले असणार. उत्तर द्यायची सोयच कुणी केली नव्हती.

दहावीनंतर भाऊ लातूरला गेला. नीटसाठी. तीन वर्षं: अकरावी, बारावी आणि मग रिपीटर. पहिल्या निकालात कमी पडले, दुसऱ्यात थोडे वाढले, पण सरकारी कॉलेज मिळण्याइतके नाहीत. दुसरा निकाल लागला त्या आठवड्यात मी घरी होते. रात्री जेवताना बाबांनी तिसऱ्या प्रयत्नाचा विषय काढला. नेहमीच्या जागेपासून सुरुवात झाली. सायकल, दिवा. मग लातूरची फी, मग खोलीचं भाडं, मग आत्याच्या मुलाचं एमबीबीएस.

भाऊ भात कालवत बसला होता. बाबांचं पूर्ण झालं. मग तो उठला, आतून एक फाइल घेऊन आला आणि ताटाशेजारी ठेवली. स्टॅटिस्टिक्सच्या बीएस्सीचा अर्ज भरलेला होता. मेरिट लिस्टची तारीख, हॉस्टेलचा खर्च, शिष्यवृत्तीचा कागद. लातूरमध्ये शेवटचे आठ महिने तो खाली राहणाऱ्या दोन दहावीच्या मुलांचं गणित घेत होता, त्याचे पैसे एका खात्यात. आम्हाला कुणालाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, “बाबा, मला डॉक्टर व्हायचं नाहीये. दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. तुम्ही भरलेत ते पैसे मी हळूहळू वळते करीन.”

बाबा बराच वेळ फाइलकडे बघत होते. मग म्हणाले, “पैशाचं कोण बोलतंय?”

त्यावर कुणाकडेच काही नव्हतं. बाबा चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. आईने त्या चार दिवसांत दोनदा पुरणपोळ्या केल्या, जून महिन्यात. पाचव्या दिवशी बाबांनी फाइलमधला हॉस्टेलच्या खर्चाचा कागद काढला आणि त्यातली मेसची बेरीज चुकलीय असं दाखवलं. खरंच चुकली होती, दोनशे रुपयांनी.

सोसाईबद्दल लोकांना हेच पटकन समजत नाही. नवीन खेळाडूला वाटतं, उत्तर दिलं म्हणजे सुटलो. तसं नसतं. वजाबाकी होते आणि बाकी उरते. ती पडतेच.

कंपाइलचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ‘त्सू’ आला तेव्हा त्यांचे दिवस भरात होते. मासामित्सु नीतानी हे संस्थापक. हिरोशिमात मेपलच्या पानाच्या आकाराची ‘मोमिजी मांजू’ नावाची मिठाई प्रसिद्ध आहे. कंपाइलने त्याच धर्तीवर गोळ्याच्या तोंडाची ‘पुयोमान’ काढली आणि विकली. थीम पार्क बांधायचेही बेत होते. १९९८ मध्ये कंपनी कर्जाखाली वाकली, पुयोपुयोचे हक्क सेगाकडे गेले आणि काही वर्षांनी कंपाइल संपली. ज्यांनी देणं-घेणं वळतं करायचा इतका सुंदर नियम काढला, त्यांचं स्वतःचं देणं काही वळतं झालं नाही. पतसंस्थावाल्या घरात वाढल्यामुळे असेल, पण मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं.

खेळ मात्र मशीनमागून मशीन बदलत राहिला. १९९४ मध्येच मेगा ड्राइव्ह आणि हातात मावणारा गेम गिअर. १९९५ मध्ये सॅटर्न, सुपर फॅमिकॉम (इथे चौघांना एकदम भांडता येतं), शिवाय पीसी-९८ हा जपानी कॉम्प्युटर. १९९६ मध्ये सुपर फॅमिकॉमवरच ‘रीमिक्स’, आणि प्लेस्टेशनवर ‘केत्तेइबान’, म्हणजे ‘अंतिम आवृत्ती’. अंतिम म्हटल्यावर थांबतील तर शपथ. त्याच वर्षी गेम बॉयवर आला, जिथे रंगच नाहीत. रंग जुळवायचा खेळ करड्याच्या चार छटांत, गोळ्यांची तोंडं ओळखून खेळायचा. १९९९ मध्ये वंडरस्वान, २००४ मध्ये प्लेस्टेशन २, २०२० मध्ये स्विच. यातल्या बऱ्याच मशीन आता संग्रहालयात किंवा कुणाच्या तरी माळ्यावर आहेत. नियम तसाच.

जपानबाहेरच्यांना मात्र खूप वाट बघावी लागली. अमेरिकेत पहिला भाग पात्रं बदलून गेला: १९९३ मध्ये सॉनिकच्या खलनायकाचा चेहरा लावून ‘डॉक्टर रोबोटनिक्स मीन बीन मशीन’, १९९५ मध्ये ‘कर्बीज अ‍ॅव्हलांच’. जपानी मुलं गेम सेंटरमध्ये वळतं करायला शिकली होती, तेव्हा तिकडची मुलं अजून जो आधी सोडेल तो जिंकला हाच खेळ खेळत होती. चेहरे बदलून विकायचं ठरवलं की चेहऱ्याच्या मागचा नियम कुणी बघत नाही, असं माझं मत आहे. मेगा ड्राइव्हची छोटी प्रतिकृती २०१९ मध्ये निघाली, तेव्हाही जपानच्या डब्यात ‘त्सू’ होता आणि पश्चिमेच्या डब्यात ‘मीन बीन मशीन’.

सेगाने पुढे नवे नियम करून पाहिले. २००३ च्या ‘फीवर’मध्ये वळतं करत राहिलात की एक मीटर भरतो आणि मग तयार रचलेल्या साखळ्या आयत्या मिळतात. दिसायला झकपक, नवशिक्याला मजा येते. मला तो आवडत नाही. आयती साखळी म्हणजे दुसऱ्याने लिहून दिलेलं भाषण. २०१८ पासून जपानमध्ये पुयोपुयोच्या खेळाडूंना व्यावसायिक परवाने मिळतात, ई-स्पोर्ट्सच्या स्टेजवर बसून मुलं खेळतात, आणि ते बघायला बसलात तर पडद्यावर बहुतेक वेळा १९९४ चाच नियम दिसतो. सहा घरं रुंद, बारा उंच.

भाऊ आता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबा त्याला दर महिन्याला खर्चाचा हिशेब मागतात आणि तो एक्सेल शीट पाठवतो. डॉक्टरचा विषय लग्नकार्यात कुणीतरी काढतंच. तेव्हा बाबा पाणी प्यायला उठतात. मी ते बघते, तोही बघतो.

रविवारी रात्री आम्ही ऑनलाइन खेळतो, तो हॉस्टेलवरून, मी पुण्यातून. फोन स्पीकरवर. तो अजूनही बोलत नाही फारसा, त्यामुळे मला कीबोर्डचे आवाज ऐकून अंदाज घ्यावा लागतो. मागच्या रविवारी टकटक एकदम बंद झाली, म्हणजे हात थांबवून साखळी सोडलेली. मी पलीकडे पाहिलं. आठ कड्या. माझ्याकडे सात होत्या आणि आठवीला लागणारा पिवळा येईना.

“ताई, सोड ना.”

“थांब, पिवळा येऊ दे.”

“नाही येत. पुढच्या दोन जोड्या मला दिसतायत तुझ्या.”

सोडली. आठातून सात गेले तर एकच कडी उरते असं वाटतं, पण हिशेबाने नव्वदेक गोळे उरतात, आणि विहीर बहात्तरची. एका वेळी तीसच पडतात. तीस पडले. मग माझी एक जोडी. तिच्यात पिवळा होता.